उर्स, मुशायरा, कव्वालीची रात्र: परवानगी कुणाकडून, कधी आणि कशी घ्यायची?

मंडप सजला, कव्वाल परगावाहून येऊन बसले, इशाची नमाज झाली, लोक जमले. पहिली कव्वाली रंगात येते तोच रात्री दहाला पोलिसांची गाडी दारात उभी. माईक बंद, लोक नाराज, कव्वालांची बिदागी मात्र पूर्ण द्यायची. राज्यात कुठल्या ना कुठल्या गावात दरवर्षी हे घडतं. मग चर्चा सुरू होते, "आपल्यालाच का अडवतात?"

हा प्रश्न कधी कधी रास्त असतो. पण तो विचारायचा तर आधी आपल्या हातात कागद पाहिजे. अनेक ठिकाणी कागद नसतो, किंवा असतो तो अर्धाच. "साहेबांना सांगून ठेवलंय", "दरवर्षी होतोच कार्यक्रम", "नगरसेवक आपलेच आहेत" एवढ्यावर कार्यक्रम उभा राहतो.

गुन्हा दाखल झाला तर तो "आयोजकांवर" होतो, आणि आयोजक म्हणजे अर्जावर ज्याची सही आहे तो, किंवा बॅनरवर ज्याचं नाव आहे तो. बहुतेक वेळा तो कमिटीतला पंचवीस-तीस वर्षांचा धावपळ करणारा मुलगा असतो. पुढे त्याला पासपोर्ट काढायचा असतो, सरकारी नोकरीसाठी चारित्र्य पडताळणी द्यायची असते, आखाती देशात जायचं असतं. एका रात्रीच्या माईकमुळे हे सगळं अडकू शकतं. म्हणून परवानगीचा विषय नीट समजून घ्यायला हवा.

परवानगी एक नसते

सगळ्यात मोठा गैरसमज हा की पोलीस ठाण्याचा शिक्का मिळाला म्हणजे काम झालं. तसं नाही. प्रत्येक खातं आपापली एक गोष्ट बघतं. महापालिका जागा बघते, पोलीस गर्दी आणि शांतता बघतात, अग्निशमन दल आग बघतं, महावितरण वीज बघतं. एकाची परवानगी दुसऱ्याला चालत नाही.

जागा: कार्यक्रम खासगी जागेत असेल तर मालकाचं लेखी संमतीपत्र. ट्रस्टची किंवा वक्फची जागा असेल तर विश्वस्तांचा किंवा मुतवल्लींचा ठराव आणि पत्र. रस्ता, मैदान किंवा चौक असेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीची परवानगी. मुंबईत हे काम वॉर्ड ऑफिसमध्ये होतं. रस्त्यावर मंडप टाकायचा तर वाहतूक पोलिसांचा ना-हरकत दाखलाही लागतो. रस्त्यावरच्या मंडपांबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने कडक भूमिका घेतलेली आहे, त्यामुळे पूर्ण रस्ता अडवणारा मंडप आता कुणालाच सहज मिळत नाही. शक्य असेल तर मैदान किंवा हॉल निवडा, निम्मी डोकेदुखी तिथेच कमी होते.

पोलीस: सार्वजनिक करमणुकीच्या कार्यक्रमांवर नियंत्रण ठेवण्याचे अधिकार महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३३ मधून येतात. कव्वाली, मुशायरा, ऑर्केस्ट्रा, ईद मेळा असं काहीही लोकांसाठी खुलं असेल तर स्थानिक पोलीस ठाण्यातून ना-हरकत आणि पोलीस आयुक्त किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या यंत्रणेकडून परवाना, असा हा रस्ता आहे. नाटक बसवलं असेल तर संहितेला आधी महाराष्ट्र राज्य रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. शाळेच्या आणि मंडळाच्या मुलांची नाटकं करणाऱ्यांना हे अनेकदा माहीतच नसतं. जुलूस किंवा संदल निघणार असेल तर त्याच्या मार्गाची परवानगी वेगळी.

सणासुदीच्या काळात कलम ३७ खाली जमावबंदीचे आदेश निघतात. आपल्या तारखेला असा आदेश लागू आहे का, हे पोलीस ठाण्यात विचारून घ्या. तो मोडला तर कलम १३५ खाली गुन्हा होतो.

मंडप, आग आणि वीज: मोठ्या मंडपाला अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला लागतो. बाहेर पडायचे किमान दोन रुंद रस्ते, अग्निशामक सिलिंडर, आणि स्वयंपाकाची जागा मंडपापासून लांब, एवढं तरी असलंच पाहिजे. बायकांच्या बाजूला कनात लावताना बाहेर पडायची वाट बंद होते, हे अनेक ठिकाणी दिसतं. तिथे स्वतंत्र दरवाजा ठेवा. वीज शेजारच्या घरातून किंवा खांबावरून आकडा टाकून घेऊ नका. महावितरण कार्यक्रमापुरती तात्पुरती जोडणी देतं.

नियाज आणि जेवण: अन्नसुरक्षा कायद्याच्या नियमांत धार्मिक किंवा सामाजिक कार्यक्रमात अन्न वाटणाऱ्यांचीही नोंदणी धरलेली आहे. केटरर असेल तर त्याच्या परवान्याची झेरॉक्स फाइलमध्ये ठेवा. जमात स्वतः देग चढवणार असेल तर नोंदणी ऑनलाइन होते आणि तिची फी वर्षाला १०० रुपये इतकी किरकोळ आहे. अन्नातून विषबाधा झाली तर पहिला प्रश्न याच कागदाचा येतो.

तिकीट आणि गाणी: प्रवेश मोफत असेल तर कराचा प्रश्न सहसा येत नाही. तिकीट लावलं असेल तर संगीताच्या किंवा नाटकाच्या कार्यक्रमाला माणशी ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी माफ आहे. जुना करमणूक कर २०१७ मध्ये जीएसटीत गेला, तरी स्थानिक संस्थांना कर लावायचा अधिकार घटनेने ठेवलेला आहे. म्हणून नगरपालिकेत एकदा विचारा. रेकॉर्ड केलेली गाणी वाजवली की कॉपीराइटचा विषय येतो. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत आणि लग्नाशी संबंधित समारंभात वाजवलेल्या संगीताला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे. निकाह, वलीमा, वरात यांत ही सूट उपयोगी पडते. तिकीट लावून केलेली "सूफी नाईट" मात्र धार्मिक विधी ठरत नाही. तिथे हक्कधारक संस्थेचं लायसन्स घ्यावं लागतं.

रात्री दहाचा प्रश्न

आपल्याकडच्या कार्यक्रमांची खरी अडचण इथे आहे. मुशायरा असो की कव्वाली, प्रथा इशानंतर सुरू करायची. मे-जूनमध्ये मुंबईत इशाची वेळ साडेआठच्या आसपास सुरू होते. जमात होऊन लोक बसेपर्यंत नऊ वाजतात. पाहुण्यांचं स्वागत आणि सत्कारात अर्धा तास जातो. म्हणजे कव्वालांच्या हातात उरतो अर्धा तास.

कायदा काय म्हणतो? ध्वनी प्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम २००० प्रमाणे लाऊडस्पीकर वापरायला आधी लेखी परवानगी हवी. तोंडी परवानगी म्हणजे परवानगी नाही. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर लाऊडस्पीकर पूर्ण बंद. ही बंदी सगळ्या धर्मांना आणि सगळ्या पक्षांना सारखीच आहे. लाऊडस्पीकर हा कुठल्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये म्हटलं आहे. तेव्हा "हा धार्मिक कार्यक्रम आहे" एवढं सांगून सूट मिळत नाही.

एक गोष्ट लक्षात ठेवा, मशिदीच्या भोंग्याला असलेली परवानगी अजानपुरती असते. तिच्यावर जलसा चालत नाही. जलशाची परवानगी वेगळी काढायची.

मग मार्ग काय? तीन आहेत.

पहिला, १५ दिवसांची सवलत. सांस्कृतिक किंवा धार्मिक सणांसाठी वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १० ते १२ लाऊडस्पीकर वापरायला राज्य सरकार परवानगी देऊ शकतं. हे दिवस आधीच जाहीर केले जातात. महाराष्ट्रात जिल्हाधिकारी दरवर्षी अशी यादी काढतात. तिच्यात शिवजयंती, डॉ. आंबेडकर जयंती, गणेशोत्सव, नवरात्र, ख्रिसमस, ३१ डिसेंबर यांबरोबर ईद-ए-मिलादचाही दिवस साधारणपणे असतो. आणि बहुतेकांना माहीत नसलेली गोष्ट अशी की यादीतले काही दिवस जिल्ह्याच्या स्थानिक गरजेसाठी राखून ठेवण्याची पद्धत आहे. तुमच्या तालुक्यातला मोठा उर्स त्यात बसू शकतो. पण त्यासाठी यादी निघण्याच्या आधी, म्हणजे आदल्या वर्षाच्या शेवटी, जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज गेला पाहिजे. उर्सच्या आठवड्यात गेलात तर दिवस संपलेले असतात.

इथे हिजरी कॅलेंडरचं गणित सांभाळावं लागतं. उर्सची तारीख दरवर्षी इंग्रजी तारखेच्या दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. मागच्या वर्षीचा अर्ज तारीख बदलून चालेल असं समजू नका. यंदा ती तारीख बारावीच्या परीक्षेत येते का, निवडणुकीच्या आचारसंहितेत येते का, दुसऱ्या सणाच्या मिरवणुकीवर येते का, हे कॅलेंडर पुढे ठेवून बघा. चंद्रदर्शनामुळे एक दिवस मागे-पुढे होणार असेल तर अर्जात दोन्ही तारखा लिहा.

दुसरा मार्ग, बंद सभागृह. ऑडिटोरियम, कम्युनिटी हॉल, बँक्वेट हॉल अशा बंद जागेत आतल्या आत आवाज ठेवून दहानंतरही कार्यक्रम चालू शकतो. पण बंद म्हणजे खरंच बंद. लॉन, छत नसलेलं अंगण, तिन्ही बाजूंनी उघडा मंडप यांना बंद जागा म्हणत नाहीत.

तिसरा मार्ग, वेळ बदलणे. असरनंतर सुरुवात, मगरिबला विश्रांती, पुन्हा इशापर्यंत दुसरं सत्र. हिवाळ्यात मुंबईत इशाची वेळ साडेसातच्या आधीच सुरू होते, तेव्हा इशानंतरही दोन तास सहज मिळतात. सत्कार आणि भाषणं कमी केली तर अजून अर्धा तास वाचतो. शायर आणि श्रोते दोघेही दुवा देतील.

वेळेबरोबर आवाजाचीही मर्यादा आहे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर लाऊडस्पीकरचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५ डेसिबल, यातलं जे कमी असेल तिथपर्यंतच चालतो. म्हणजे वस्तीत दिवसा ६५, आणि सवलतीच्या रात्री ५५. मोठे डीजे बॉक्स यात बसतच नाहीत. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्याजवळची जागा शांतता क्षेत्रात येते का, हेही आधी विचारून घ्या.

शादीखाना भाड्याने देताना दारूचा प्रश्न

आपल्या कार्यक्रमात दारूचा संबंध नाही, मग हे कशाला वाचायचं, असं वाटेल. पण अनेक जमाती आणि ट्रस्ट आपले हॉल आणि मैदानं सगळ्यांना भाड्याने देतात. लग्न, वाढदिवस, कंपनीचं संमेलन, ३१ डिसेंबरची पार्टी. भाडेकरूने आत काय केलं याचा त्रास जागेच्या मालकाला होऊ शकतो.

महाराष्ट्रात दारूबंदी अधिनियम १९४९ चा आहे आणि तो आजही लागू आहे. दुकानं उघडी दिसतात ती परवान्यांवर चालतात. कायद्याने पिणाऱ्यालाही परवाना लागतो. बिअर आणि वाइनसाठी वय २१, बाकी दारूसाठी २५. कुठल्याही समारंभात दारू द्यायची तर राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून त्या कार्यक्रमापुरता तात्पुरता परवाना घ्यावा लागतो. विभागाच्या भाषेत त्याला एफएल-४ ए म्हणतात. तो जागा आणि तारीख लिहून मिळतो. दुसऱ्या दिवशी किंवा शेजारच्या हॉलमध्ये तो चालत नाही. दारू परवानाधारक दुकानातूनच घ्यावी लागते. गोव्याहून स्वस्तात आणलेल्या बाटल्या विनापरवाना महाराष्ट्रात आणणं हाच वेगळा गुन्हा आहे. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत तर दारूबंदीच आहे. २ ऑक्टोबरसारखे ड्राय डे आणि मतदान संपण्याच्या आधीचे ४८ तास, तेव्हाही दारू देता येत नाही.

विनापरवाना दारू दिली तर? जागा "सार्वजनिक मद्यपान गृह" म्हणून चालवली असा गुन्हा कलम ६८ खाली लागू शकतो, आणि तिथे पिताना सापडलेल्यांवर कलम ८४ खाली. "आम्ही फक्त हॉल दिला होता" हे सिद्ध करायला हातात लेखी करार हवा.

म्हणून हॉलच्या पावतीवर किंवा करारात चार ओळी छापून घ्या:

१. या जागेत दारू आणणं, देणं किंवा पिणं मनाई आहे.
२. लाऊडस्पीकर आणि करमणुकीच्या परवानग्या काढणं ही भाडेकरूची जबाबदारी, आणि त्यांची प्रत दोन दिवस आधी ऑफिसला द्यायची.
३. रात्री दहानंतर हॉलबाहेर संगीत नाही.
४. अट मोडल्यास अनामत जप्त होईल आणि पोलिसांना कळवलं जाईल.

हा नियम सगळ्यांना सारखा लावा. मुसलमान भाडेकरूला एक आणि हिंदू भाडेकरूला दुसरा असं केलंत तर तक्रार होईल आणि ती बरोबरच असेल.

अर्ज कसा लिहायचा

अर्ज संस्थेच्या लेटरहेडवर, अध्यक्ष किंवा सचिवाच्या सहीने. एका मुलाच्या वैयक्तिक नावाने अर्ज देऊ नका. जबाबदारी संस्थेची राहू द्या. सोबत कमिटीचा ठराव जोडा. अर्जात हे सगळं असावं:

- कार्यक्रमाचं नाव, स्वरूप, तारीख, सुरू आणि बंद होण्याची नेमकी वेळ
- जागेचा पत्ता, साधा हाताने काढलेला नकाशा, आत-बाहेर जायचे रस्ते
- अंदाजे किती लोक, पुरुष-स्त्रियांची बसायची व्यवस्था
- वक्ते, शायर, कव्वाल यांची नावं
- स्वयंसेवकांची यादी, नाव आणि मोबाइलसह
- पार्किंग, पाणी, शौचालय, रुग्णवाहिकेची सोय
- साउंडवाल्याचं नाव आणि किती स्पीकर लावणार

लोकांचा आकडा खरा लिहा. परवानगी लवकर मिळावी म्हणून २०० लिहायचं आणि २,००० लोक बोलवायचे, यात बंदोबस्त कमी पडतो. चेंगराचेंगरी झाली तर तुमचाच अर्ज तुमच्याविरुद्ध पुरावा होतो.

छोट्या कार्यक्रमासाठी निदान तीन आठवडे आणि मैदानावरच्या मोठ्या कार्यक्रमासाठी दोन महिने आधी सुरुवात करा. आधी जागेचा कागद, मग पोलीस, मग बाकीचे. प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. ही पोच सांभाळून ठेवा.

परवानगी अडवली तर

"या, बघू", "साहेब नाहीत", "वरून आदेश आहेत" अशी उत्तरं मिळतात. अशा वेळी वाद घालू नका, कागद मागा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली गृह विभागाच्या ज्या सेवा येतात त्यांत ध्वनिक्षेपक परवाना, करमणुकीच्या कार्यक्रमांचा ना-हरकत दाखला आणि सभा-मिरवणुकीची परवानगी आहे. म्हणजे अधिकाऱ्याने ठरलेल्या मुदतीत परवानगी द्यायची किंवा कारण लिहून नाकारायची. दोन्ही केलं नाही तर अपील करता येतं, आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. अपील "आपले सरकार" पोर्टलवरून करता येतं.

लेखी नकार हातात आला की पुढचा रस्ता खुला होतो. कारण दुरुस्त करता येण्यासारखं असेल, जसं पार्किंग नाही किंवा वेळ उशिराची आहे, तर ते दुरुस्त करून पुन्हा अर्ज द्या. त्याच मैदानावर, तशाच वेळेत दुसऱ्या मंडळाला परवानगी मिळाली असेल तर त्याची माहिती माहितीच्या अधिकारात मागा. "आपल्यालाच का अडवतात?" हा प्रश्न आता कागदावर विचारता येतो, आणि वरिष्ठांना किंवा कोर्टाला त्याचं उत्तर द्यावं लागतं. ज्याने अर्जच केला नाही त्याला हा प्रश्न विचारता येत नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी

सगळ्या परवानग्यांची एक फाइल स्टेजजवळ ठेवा. पोलिसांशी बोलायला दोनच माणसं नेमा, शक्यतो वयाने मोठी आणि शांत. पावणेदहाला सूत्रसंचालकाला चिठ्ठी द्या, दहाला दोन मिनिटं कमी असताना दुवा होऊन माईक बंद. आचारसंहिता असेल तर स्टेजवर कुठल्याही उमेदवाराचा सत्कार नको, नाहीतर धार्मिक कार्यक्रम राजकीय ठरू शकतो. पोलिसांनी आवाज कमी करायला सांगितलं तर आधी आवाज कमी करा, चर्चा नंतर. परवानगी असूनही कार्यक्रम थांबवला तर अधिकाऱ्याचं नाव आणि वेळ लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी वरिष्ठांकडे लेखी तक्रार करा. रात्री गर्दीसमोर माईकवरून तक्रार करू नका.

नेहमी विचारले जाणारे दोन प्रश्न

घरच्या मिलादला परवानगी लागते का? घरात, माईकशिवाय, घरच्या आणि ओळखीच्या लोकांत असेल तर नाही. गल्लीत मंडप टाकला किंवा स्पीकर बाहेर लावला की लागते.

मशिदीजवळच्या मैदानात दुसऱ्या कुणाच्या कार्यक्रमात दारू दिली जाणार आहे असं कळलं तर? तिथे जाऊन हुज्जत घालू नका. उत्पादन शुल्क अधीक्षक आणि पोलीस ठाण्याला लेखी हरकत द्या, तात्पुरता परवाना दिला आहे का ते विचारा, पोच घ्या. आयोजकांकडे परवाना नसेल तर कारवाई करणं हे त्या खात्याचं काम आहे.

माहीमच्या मखदूम शाह बाबांच्या उर्सला पहिला संदल मुंबई पोलीस आणतात, ही जुनी परंपरा आहे. पोलीस आणि दर्गा यांचं नातं विरोधाचंच असतं असं नाही. गावोगावच्या कमिट्यांनी उर्सच्या दोन महिने आधी पोलीस ठाण्यात फाइल घेऊन जायची सवय लावली, तर रात्री दहाला येणारी गाडी बंद करायला नव्हे, बंदोबस्ताला आलेली असेल.